केनियाला जाताय? ईटीए स्वतः भरा, असा

केनियाची सहल ठरली, विमानाची तिकिटं निघाली की घरात पुढचा विषय निघतो तो व्हिसाचा. केनियाचं उत्तर सोपं आहे. व्हिसा लागत नाही, ईटीए लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, विमानात बसण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी. १२ डिसेंबर २०२३ रोजी, जम्हुरी दिनाच्या म्हणजे केनियाच्या प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात, राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी व्हिसा रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२४ पासून ही नवी पद्धत सुरू झाली. आधीचा ई-व्हिसा त्याच वेळी बंद झाला. म्हणून कुणी ओळखीच्यांनी २०२२ किंवा २०२३ च्या सहलीच्या आठवणीतून काही सांगितलं, तर आपुलकीनं ऐका, पण फॉर्म भरताना ते बाजूला ठेवा.

हा लेख मुख्यतः पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी आहे. त्यातही निवृत्त झालेल्या जोडप्यांसाठी. मुलं लांब असतात, फॉर्म इंग्रजीत असतो आणि मग कुणाला तरी पैसे देऊन काम उरकलं जातं. तशी गरज नाही. कागद समोर मांडून शांतपणे बसलात तर एका दुपारचंही काम नाही. फॉर्म अवघड नाहीच. अडतं ते दुसऱ्याच तीन ठिकाणी: चुकीच्या वेबसाइटवर, पासपोर्टशी न जुळणाऱ्या नावावर आणि वेळेत न घेतलेल्या एका लसीवर. म्हणून या तीन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

ईटीए कुणाला लागतो

भारतीय पासपोर्टवर केनियात जाणाऱ्या प्रत्येकाला. तान्ह्या बाळालासुद्धा वेगळा. आईच्या ईटीएवर बाळ जात नाही. घरातल्या नातवाकडे अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असेल, तर त्याचा अर्ज त्याच्या त्या पासपोर्टवर करायचा. नैरोबीला फक्त विमान बदलून पुढे जाणार असाल आणि विमानतळाबाहेर पडणार नसाल, तर ईटीए लागत नाही. मात्र मधे रात्र असेल आणि शहरात हॉटेलवर जायचं असेल तर लागतो.

इथे एक खुलासा आधीच करते, कारण हा गोंधळ फार जणांचा होतो. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडेही ईटीए नावाची सोय आहे, अमेरिकेकडे ईएसटीए आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनाला जाणाऱ्यांसाठी त्या सोयी नाहीत. तिथे आपल्याला रीतसर व्हिसाच काढावा लागतो. 'ईटीएवर लंडन' असं कुणी सांगत असेल तर त्याच्या हातात पासपोर्ट कुठला आहे ते आधी विचारा. याउलट केनियाचा ईटीए आपल्यासाठी आहे, श्रीलंकेचाही आहे. पण दोन्ही देशांचे फॉर्म, शुल्क आणि अटी वेगळ्या, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

केनियाचा ईटीए पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यवसायाच्या बैठका यासाठी चालतो. तिथे नोकरी करायची असेल तर त्याचा उपयोग नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि सहलीत टांझानिया जोडला असेल, म्हणजे केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही दोन्ही अभयारण्यं एकत्र, तर टांझानियाचा व्हिसा स्वतंत्र काढायचा. युगांडा आणि रवांडा जोडणार असाल तर मात्र 'ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा' बघा. केनिया, युगांडा, रवांडा हे तिन्ही देश त्यात येतात, शुल्क १०० डॉलर, मुदत ९० दिवस. टांझानिया त्यात येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. नकाशावर शेजारी दिसतो म्हणून पुष्कळांना तो आत आहे असं वाटतं.

आधी कॅलेंडर, मग कॉम्प्युटर

प्रवासाची तारीख पक्की झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागं मोजत या.

ईटीएच्या निर्णयाला कामकाजाचे साधारण तीन दिवस धरायचे असतात. कामकाजाचे म्हणजे केनियातले. शनिवार-रविवार त्यात नाहीत, तिथल्या सुट्ट्याही नाहीत. उन्हाळी सुट्टीच्या शेवटी जाणाऱ्यांना १ जूनचा मदारका दिन आडवा येतो. दिवाळीत जाणाऱ्यांना २० ऑक्टोबरचा मशुजा दिन. नाताळात जाणाऱ्यांना १२ डिसेंबर आणि मग २५-२६ डिसेंबर. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथे साडेसहाच झालेले असतात. सकाळी उठल्या उठल्या उत्तर आलं का म्हणून बघून जीव टांगणीला लावू नका.

मग अर्ज किती आधी करावा? तीन महिने आधीपासून करता येतो. पण मिळालेला ईटीए दिल्या तारखेपासून ९० दिवसांत वापरायचा असतो. फार घाई केली आणि सहल काही दिवसांनी पुढे ढकलावी लागली, तर तो हातात असूनही कामाचा राहत नाही. माझं मत, प्रवासाच्या तीन ते चार आठवडे आधीचा काळ सगळ्यात चांगला. काही कागद परत मागितला तरी वेळ असतो आणि मुदतही पुरून उरते.

पासपोर्टची मुदत मात्र आजच बघा. केनियात पोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने तो चालू असला पाहिजे आणि त्यात एक तरी कोरं पान हवं. मुदत काठावर असेल तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण, नंतर ईटीए. उलट केलं तर फुकट जातं, कारण ईटीए पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेला असतो आणि नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो.

पिवळ्या तापाची लस

ही लस ईटीएच्या फॉर्मचा भाग नाही, म्हणून ती मागं राहते. आणि नेमकी तीच परतताना आडवी येते.

केनिया पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांत मोडतो. आपल्याकडे तो आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे. आजार एकदा आत आला तर डास त्याचं पुढचं काम करतील, म्हणून भारत सरकार या बाबतीत अतिशय कडक आहे. केनियातून भारतात परत येताना लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. आठवड्याच्या सुट्टीला जोडून आलेले हे सहा दिवस कुणालाही परवडत नाहीत.

लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. पूर्वी दर दहा वर्षांनी लस घ्यावी लागायची, २०१६ पासून तो नियम गेला. घरात कुणाचं जुनं पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं प्रमाणपत्र, असेल तर ते शोधा. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं.

ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांवरच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर या दोन्हींच्या आरोग्य कार्यालयांकडे ती मिळते, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयाकडे. आधी नाव नोंदवून तारीख घ्यायची असते आणि ठरलेल्या दिवशीच जायचं असतं. याचं कारण लशीच्या कुपीतच आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रवाले माणसं जमवून मगच कुपी उघडतात. 'उद्या येतो, देऊन टाका' असं तिथे चालत नाही, आणि त्यात त्यांचा आडमुठेपणा नसतो.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्डावर पासपोर्टचा क्रमांक लिहिला जातो. कार्ड हातात आल्यावर तिथेच उभं राहून तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, तारीख, सही आणि गोल शिक्का. घरी येऊन चूक दिसली तर पुन्हा तेवढाच प्रवास.

साठी ओलांडलेल्यांनी थोडं थांबून वाचा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती कमीच आहे, पण आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, नुकतीच घेतलेली दुसरी एखादी जिवंत लस, यातलं काहीही असेल तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला आणि केंद्रावरच्या डॉक्टरांनाही सगळं सांगा. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. तान्हं मूल घेऊन जाण्याचा बेत असेल तर तिकिटं काढण्याआधीच या प्रश्नाचं उत्तर मिळवा. सहलीच्या उत्साहात आजार लपवून लस टोचून घेणारी माणसं असतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

जवळ काय ठेवायचं

आता फॉर्मची तयारी. पासपोर्ट, जाण्यायेण्याची तिकिटं, राहण्याच्या बुकिंगचा कागद, एक ताजा फोटो, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड आणि तुम्ही रोज उघडता तो ई-मेल पत्ता. ई-मेल एजंटचा किंवा सहलकंपनीचा देऊ नका. सगळी उत्तरं त्या पत्त्यावर येतात आणि ऐन वेळी समोरच्यानं फोन उचलला नाही तर तुम्हाला काहीच कळत नाही.

पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं चित्र फॉर्ममध्ये चढवावं लागतं. मोबाइलवर काढलेलं चालतं, पण ते काढायची एक पद्धत आहे. फ्लॅश बंद करा. पानावर चकचकीत आवरण असतं, फ्लॅश मारला की नेमका नावावर किंवा क्रमांकावर पांढरा डाग पडतो. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ टेबलावर पासपोर्ट सपाट उघडा, दुसरं पान कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि मोबाइल अगदी वरून, सरळ धरा. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. तळाशी टोकदार खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, त्या यंत्राच्या वाचण्यासाठी. त्या अंधुक आल्या तर यंत्र बी ला आठ समजतं, एस ला पाच, आणि ओ ला शून्य. बोट त्या ओळींवर येऊ देऊ नका.

चेहऱ्याचा फोटो साध्या, फिक्या भिंतीसमोर काढा. टोपी नको, गॉगल नको, मागे कॅलेंडर नको. लग्नाच्या अल्बममधला कापून लावू नका. विमानतळावर अधिकारी तो फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात.

राहण्याचा कागद म्हणजे हॉटेलचं बुकिंग किंवा सहलकंपनीचं व्हाउचर. चार वेगवेगळ्या लॉजमध्ये मुक्काम असेल तर पूर्ण कार्यक्रमाचा एकच पीडीएफ कंपनीकडून मागून घ्या, त्यात तुमचं नाव आणि तारखा असायला हव्यात. नातेवाइकांकडे उतरणार असाल, नैरोबी आणि मोंबासात मराठी कुटुंबं आहेतच, तर त्यांच्याकडून निमंत्रणाचं पत्र, घराचा पूर्ण पत्ता, फोन आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत आधीच मागवून ठेवा.

बरोबर वेबसाइट

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. शोधपेटीत 'केनिया ईटीए' टाकलं की वरच्या काही जागा जाहिरातींच्या असतात. त्यातल्या काही पानांवर झेंडा असतो, सिंहाचं चित्र असतं, मांडणी अगदी सरकारी असते, पण त्या खासगी सेवा असतात. त्या सरकारी शुल्काच्या दुप्पट-तिप्पट घेतात. काही तर पासपोर्टची सगळी माहितीही घेऊन बसतात.

सरकारी वेबसाइटचा पत्ता आहे: ई-टी-ए-के-ई-एन-वाय-ए, मग डॉट गो डॉट केई. मधे कुठेही आडवी रेघ नाही. ओळखायची खूण शेवटी आहे. 'गो डॉट केई' हा शेवट फक्त केनिया सरकारच्या संकेतस्थळांना असतो. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' असं दिसलं की ते पान बंद करा, कितीही छान दिसत असलं तरी. शोधण्यापेक्षा हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत थेट टाइप करणं उत्तम. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून तर जाऊच नका.

सहलकंपनी ईटीए काढून देणार असेल तरी हरकत नाही. फक्त भरलेला फॉर्म पाठवण्याआधी आपल्याला दाखवायला सांगा आणि सरकारी शुल्क किती, त्यांचा आकार किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. हे मागणं तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

फॉर्म भरताना

आधी ई-मेल पत्ता द्यायचा, तो पडताळून घेतला जातो. एकट्याचा अर्ज की गटाचा, हेही ठरवायचं असतं. कुटुंबाचा अर्ज एकत्र करता येतो, पण प्रत्येकाची माहिती वेगळी भरावी लागते, शुल्क माणशी वेगळं आणि मिळणारा ईटीएही वेगळा.

पासपोर्टचं पान चढवलं की बरीच माहिती आपोआप भरली जाते. इथे बहुतेक जण भरली गेली म्हणून पुढे जातात. तसं करू नका. पासपोर्ट हातात घ्या, घरातल्या दुसऱ्या माणसाला एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही स्क्रीनवर बघा. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात पहिलं एक अक्षर आणि पुढे सात अंक असतात. म्हणजे पहिल्या जागी अंक दिसला किंवा पुढच्या सातात अक्षर दिसलं, तर यंत्रानं चुकीचं वाचलंय हे नक्की. जन्मतारीख, पासपोर्ट दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख या तिघींची अदलाबदल होते, त्या वेगळ्या बघा.

आता नाव. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, सरनेम आणि गिव्हन नेम. सरनेममध्ये आडनाव आणि गिव्हन नेममध्ये उरलेली दोन्ही नावं, असं साधारण असतं. म्हणजे 'सुमन वसंत' हे दोन्ही मिळून गिव्हन नेम. ईटीएच्या फॉर्ममध्ये हेच, याच क्रमानं, याच स्पेलिंगनं. मधलं नाव गाळायचं नाही. आधार कार्डावर, बँकेत, सोसायटीच्या पाटीवर काय आहे त्याचा इथे संबंध नाही. लग्नानंतर घरात नवं नाव चालतं पण पासपोर्टवर माहेरचंच आहे, असं असेल तर माहेरचंच भरायचं आणि विमानाचं तिकीटही माहेरच्याच नावानं हवं. तिकिटावर दोन नावं चिकटून आली असतील आणि शेवटी 'एमआरएस' लागलं असेल, तर घाबरू नका. विमान कंपन्यांची छापण्याची ती रीत आहे, त्याला चूक धरत नाहीत. अक्षरं मात्र तीच हवीत.

पुढे प्रवासाची माहिती येते: कुठल्या तारखेला, कुठल्या विमानतळावर, कुठल्या विमानानं. वाटेत दुबई किंवा आदिस अबाबाला विमान बदलणार असाल तर केनियात उतरवणाऱ्या विमानाचा क्रमांक द्या, मुंबईहून सुटणाऱ्याचा नाही. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांत तारखेचा घोळ होतो. रविवारी रात्री घरून निघता, पण तिकिटावर सोमवार असतो. फॉर्मला उतरण्याची तारीख हवी, आणि तीही तिथल्या घड्याळाप्रमाणे.

मग पत्ता, फोन, व्यवसाय, अडीअडचणीला कळवायचा माणूस. निवृत्त असाल तर निवृत्त लिहा, गृहिणी असाल तर गृहिणी. यात कमीपणा वाटून काहीतरी जड पद लिहिणारे आहेत, त्याची काही गरज नाही. संपर्कासाठी माणूस असा द्या जो सहलीला सोबत नाही.

शेवटी काही हो-नाहीचे प्रश्न येतात. गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, पूर्वी प्रवेश नाकारला गेला आहे का, अशा स्वरूपाचे. ते पूर्ण वाचून उत्तर द्या. इंग्रजी अडत असेल तर कुणाकडून अर्थ समजून घ्या, पण अंदाजानं 'हो' दाबत जाऊ नका. खरं तेच लिहा, कारण खोटी माहिती सापडली तर परवानगी रद्द होते, आणि ती विमानतळावर रद्द झाली तर तिथूनच परत.

पैसे भरताना

सरकारी शुल्क माणशी ३० डॉलर आहे, त्यावर थोडा प्रक्रिया आकार. पैसे भरण्याच्या पानावर एकूण रक्कम दिसते. लहान मुलांनाही तेवढंच, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला १२० डॉलर आणि वरचा आकार. अर्ज नामंजूर झाला किंवा सहल रद्द झाली तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

यूपीआय इथे चालणार नाही. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड लागेल आणि त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू असायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर ही सोय बंदच असते, ती आपल्याला सुरू करावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा, मर्यादा पुरेशी ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा. बँक डॉलरच्या दरावर आपला आकार लावते आणि त्यावर जीएसटी, म्हणून खात्यातून हिशेबापेक्षा थोडे जास्त गेलेले दिसतील.

बटण दाबल्यावर पान फिरत राहिलं तर हात आवरा. मागं जाऊ नका, पान ताजं करू नका. पैसे कापल्याचा मेसेज आला पण स्क्रीनवर काही दिसलं नाही, तर आधी ई-मेल बघा, मग वेबसाइटवर अर्जाची स्थिती बघा. घाईनं दुसऱ्यांदा पैसे भरले तर दोनदा जातात. अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नको.

उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

ई-मेलमधलं स्पॅमचं खोकं रोज उघडा. उत्तर बऱ्याचदा तिथे जाऊन पडतं. फोटो अस्पष्ट आहे, बुकिंगचा कागद पुन्हा पाठवा, असं काही आलं तर त्याच दिवशी पाठवा. तुमचं उत्तर जाईपर्यंत अर्ज तिथेच थांबून राहतो.

मंजुरीचा पीडीएफ आला की पुन्हा एकदा तेच काम: नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, एकेक अक्षर. इथे चूक दिसली तर 'चालून जाईल' म्हणू नका. वेबसाइटवरच्या मदतीच्या पत्त्यावर लगेच लिहा आणि दुरुस्ती होत नसेल तर नवा अर्ज करा. ३० डॉलर जातात, पण मुंबईत चेक-इनच्या खिडकीवरून परत फिरावं लागण्यापेक्षा ते बरं. मुक्कामाची मुदत आणि किती वेळा प्रवेश मिळेल हेही वाचून घ्या. साधारणपणे एका प्रवेशासाठी आणि ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी तो असतो.

दोन छापील प्रती काढा, एक स्वतःच्या पर्समध्ये, एक सोबत्याच्या. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

बॅग भरताना एवढं बघा, की केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि ती नावापुरती नाही. लाडू, चिवडा, मेतकूट न्यायचं तर डब्यात न्या, कपडे कापडी पिशवीत गुंडाळा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून चालत नाहीत, स्टीलची बाटली घ्या.

विमानतळावर

मुंबईत चेक-इनलाच ईटीए बघतात. तो नसेल तर विमान कंपनी बसू देत नाही. नैरोबीत उतरल्यावर रांगेत पासपोर्ट, ईटीए, परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद एकत्र हातात ठेवा. बोटांचे ठसे घेतात, कॅमेऱ्यात बघायला सांगतात, आणि दोन-तीन साधे प्रश्न विचारतात: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे उतरणार. पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलचं नाव पाठ असू द्या. ईटीए म्हणजे येण्याची परवानगी, आत घ्यायचं की नाही हे शेवटी त्या खिडकीतला अधिकारी ठरवतो. म्हणून उत्तर थोडक्यात, खरं आणि फॉर्ममध्ये लिहिलं तेच द्या. एक मूल आणि एकच पालक असा प्रवास असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवलेला बरा. पासपोर्टवर शिक्का मारून परत दिला की खिडकी सोडण्याआधी त्यावरची तारीख आणि दिलेले दिवस बघून घ्या.

परतीच्या वेळी पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईत आरोग्य तपासणीची खिडकी इमिग्रेशनच्या आधी लागते आणि मोठी बॅग त्यानंतर पट्ट्यावर मिळते, म्हणजे कार्ड मोठ्या बॅगेत गेलं तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही. दुबईत किंवा दोह्यात दोन दिवस थांबून आलात तरी सुटका नाही, कारण मागच्या सहा दिवसांत तुम्ही केनियात होतात का एवढंच तिथे बघितलं जातं. अमेरिकन पासपोर्टवर परतणाऱ्या नातवालाही हाच नियम आहे, त्याचं पिवळं कार्ड आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, दोन्ही वर ठेवा.